दवाखान्याच्या रांगेची नोंद कोण ठेवणार?

शाखेच्या सभेची विषयपत्रिका काढून पाहा. महागाई भत्ता असतो, बोनस असतो, बदल्या, रिक्त पदे, पेन्शन असते. दवाखान्याचा विषय बहुधा शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात येतो. तोवर निम्मे सभासद गाडी पकडण्यासाठी उठलेले असतात. एखादा सेवानिवृत्त बंधू उभा राहतो, औषध मिळाले नाही म्हणून सांगतो, सचिव वहीत दोन ओळी लिहितात आणि सभा संपते. ही दोन ओळींची नोंद पुढे कोठेही जात नाही. या अंकात आम्ही तोच विषय पहिल्या पानावर घेतला आहे, आणि त्यास कारण आहे.

राजधानी दिल्ली व तिच्या भोवतालचा फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा, गुडगाव हा पट्टा देशातील उत्तमोत्तम रुग्णालयांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातून रोगी उपचारासाठी येथे आणले जातात. पण कामगाराच्या आयुष्यात मोठे रुग्णालय क्वचित येते. रक्तदाब, साखर, खोकला, गुडघेदुखी, मुलाचा ताप यांसाठी तो वारंवार जातो तो जवळच्या दवाखान्यात, रेल्वेच्या हेल्थ युनिटमध्ये, सीजीएचएसच्या केंद्रात किंवा ईएसआयच्या डिस्पेन्सरीत. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात ती हीच. ती ढासळली की साधा आजार मोठा होतो आणि मग मोठ्या रुग्णालयाची पायरी चढावी लागते.

ही मेहेरबानी नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. हे दवाखाने सरकारने दयाबुद्धीने उघडलेले नाहीत. १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले व १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजनेचा प्रारंभ कानपूर व दिल्ली या दोन शहरांत झाला. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीची योजनाही दिल्लीतच, जुलै १९५४ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ नावच 'अंशदायी आरोग्य सेवा योजना' असे होते. मुंबईला ती १९६३ मध्ये आली.

अंशदायी या शब्दाकडे लक्ष द्या. सीजीएचएसची वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते. ईएसआयमध्ये कामगाराचा हिस्सा असतो. रेल्वेची वैद्यकीय सेवा हा आमच्या सेवाशर्तींचा भाग आहे, आणि निवृत्तीनंतर १९९७ च्या योजनेत राहण्यासाठी रेल्वे कर्मचारी एकरकमी वर्गणी भरतो. तेव्हा खिडकीपुढे उभा असलेला माणूस याचक नाही. त्याने पैसे मोजले आहेत, घाम गाळला आहे. जो पैसे मोजतो त्यास सेवा कशी मिळाली हे विचारण्याचा आणि सांगण्याचा अधिकार असतो.

मोजतात काय, आणि मोजत नाहीत काय

प्रशासनाकडे आकडे भरपूर असतात. किती रोगी तपासले, किती गोळ्या दिल्या, किती बिले मंजूर झाली. हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण रोगी किती वेळ रांगेत उभा होता, डॉक्टरांनी त्यास हात लावला का, आजार काय आहे हे त्यास समजेल असे सांगितले का, औषधासाठी किती खेपा झाल्या, आणि किती जण कंटाळून अर्ध्यातून परत गेले, हे कोणत्याही रजिस्टरात नसते. परत गेलेल्या रोग्याची तर नोंदच होत नाही. जो खिडकीपर्यंत पोचला नाही, तो कागदावर आजारीच पडला नाही!

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा अभ्यास याच दिल्लीत झाला आहे. जिष्णू दास व जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी या शतकाच्या प्रारंभी दिल्लीच्या निरनिराळ्या वस्त्यांतील डॉक्टरांचे ज्ञान तपासले आणि मग तेच डॉक्टर प्रत्यक्ष रोगी आल्यावर काय करतात हे बसून पाहिले. डॉक्टरांना जेवढे ठाऊक असते तेवढे ते करीत नाहीत, असे आढळले. सरकारी दवाखान्यात, जे विचारायला हवे ते विचारले जात नाही. खाजगी दवाखान्यात, जे द्यायला नको ते औषधही दिले जाते. एका ठिकाणी न करण्याची चूक, दुसऱ्या ठिकाणी नको ते करण्याची चूक. दोन्हीकडे भरडला जातो तो रोगीच.

पुढे क्षयरोगाबाबत दिल्लीत आणखी एक अभ्यास झाला व तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांची संमती आगाऊ घेऊन, प्रशिक्षण दिलेली माणसे रोगी बनून त्यांच्याकडे पाठविण्यात आली. कोणता रोगी खरा व कोणता शिकवून पाठविलेला, हे डॉक्टरांस ठाऊक नव्हते. अशा २५० भेटींपैकी फक्त ५२ भेटींत, म्हणजे शंभरात एकवीस वेळा, योग्य ती पावले उचलली गेली. जुना खोकला सांगणाऱ्याची थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा किंवा योग्य जागी पाठवा, एवढीच अपेक्षा होती. सॉर्टिंगच्या धुळीत किंवा यार्डात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये.

वेळेचाही हिशेब झाला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ६७ देशांची माहिती गोळा केली होती. प्राथमिक सेवेतील डॉक्टर एका रोग्यास सरासरी किती वेळ देतात? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगला देशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत नाव, कार्ड, जुना कागद आणि नवी चिठ्ठी एवढेच होते. आजार सांगायला वेळ उरत नाही.

यात सर्व दोष डॉक्टरांचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंजूर पदे रिक्त ठेवायची, एका डॉक्टरपुढे दोघातिघांचे रोगी बसवायचे, आणि मग रोग्यांचा राग त्याच डॉक्टरवर निघू द्यायचा, ही युक्ती कामगाराने ओळखली पाहिजे. जी गत बीट वाढवून दिलेल्या पोस्टमनची, जी गत माणसे कमी केलेल्या ट्रॅकमनच्या टोळीची, तीच गत त्या डॉक्टरची व औषध देणाऱ्या फार्मासिस्टची आहे. ते आमचे प्रतिपक्षी नव्हेत.

दवाखान्याची वेळ आणि ड्यूटीची वेळ

आता आमच्याच घरातील अडचणी पाहू. सीजीएचएसची केंद्रे मुख्यतः सकाळपासून दुपारपर्यंत चालतात. पोस्टमनची टपाल वाटपाची वेळही तीच. म्हणजे दवाखान्यात जायचे तर रजा टाकायची, नाहीतर आजार अंगावर काढायचा. रनिंग स्टाफची तऱ्हा याहून वेगळी. रात्री गाडी घेऊन आलेला लोको पायलट सकाळी झोपला नाही तर पुढच्या फेरीला धोका, आणि झोपला तर दवाखाना बंद. कागदावर सेवा उपलब्ध आहे, पण घड्याळात ती नाही.

अंतराचेही असेच. घरभाडे परवडत नाही म्हणून कर्मचारी दिल्लीबाहेर सरकत सरकत गाझियाबाद, फरिदाबाद, बहादूरगडकडे गेला. कार्यालय व दवाखाना मात्र जुन्याच जागी. एकदा डॉक्टरांना दाखवायचे, औषध साठ्यात नसल्यास त्याचा इंडेंट लागतो, म्हणून ते घ्यायला पुन्हा यायचे, तपासणी दुसरीकडे, अहवाल दाखवायला परत पहिल्या जागी. एका साध्या साखरेच्या आजारासाठी तीन-चार खेपा. प्रत्येक खेप म्हणजे भाडे, अर्धा दिवस, आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर एक धडधाकट माणूस. औषध फुकट मिळाले असे कागद म्हणतो. ते किती महाग पडले हे घरच्या माणसाला ठाऊक असते.

निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे अंतर नियमातच आले आहे. हेल्थ युनिटपासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्यास बाह्यरुग्ण सेवा सोडून ठराविक वैद्यकीय भत्ता घेता येतो. हा भत्ता जुलै २०१७ पासून दरमहा १,००० रुपये करण्यात आला. हजार रुपयांत रक्तदाब व साखर या दोन आजारांच्या गोळ्या व तपासण्या नवराबायको दोघांच्या कशा बसवायच्या? आणि अडीच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाचे गुडघे ते अंतर कापतात का, हे कोणी विचारले?

भाषेची अडचण लहान नाही

दिल्लीत मराठी माणूस नवा नाही. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. सरकारी नोकरीतील मराठी माणसे येथे पिढ्यानपिढ्या राहिली आहेत. कामापुरते हिंदी सर्वांस येते. परंतु फायलीचे हिंदी वेगळे आणि दुखण्याचे हिंदी वेगळे. गावाहून आलेली आई डॉक्टरपुढे बसते. तिला 'कळ' येते, 'ठणका' लागतो, 'उसण' भरते, पायाला 'मुंग्या' येतात. ही चार दुखणी आहेत, आणि चांगल्या डॉक्टरला चारांतून चार निरनिराळ्या गोष्टी कळू शकतात. हिंदीत सांगताना त्यांचे एकच 'दर्द' होते. 'जुलाब' या शब्दाची तर गंमत आणखी वाईट. मराठीत जुलाब म्हणजे आजार. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करण्याचे औषध. 'जुलाब चाहिए' आणि 'जुलाब होते' यांत गोंधळ झाला तर परिणाम काय होईल, हे सांगायला नको.

दोन मिनिटांच्या तपासणीत हे अंतर भरून निघत नाही. रोग्याचे ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग आहे, सौजन्याचा नव्हे. हे मराठी माणसापुरतेही नाही. मुंबईच्या रेल्वे दवाखान्यात बसलेल्या बिहारी ट्रॅकमनच्या बायकोचीही हीच अडचण असते, आणि तिच्यासाठीही आम्ही बोलले पाहिजे.

जे रांगेतही नाहीत

आपल्याला रांग तरी आहे. शेजारच्या माणसाकडे पाहा. खेडोपाडी टपाल पोचविणारा ग्रामीण डाक सेवक खात्याचा गणवेश घालतो, खात्याचा पैसा सांभाळतो, पण त्यास सीजीएचएसचे कार्ड मिळत नाही. स्थानकाची सफाई करणारा कंत्राटी कामगार रेल्वेच्या आवारात आयुष्य घालवतो, पण रेल्वेच्या हेल्थ युनिटचे दार त्याच्यासाठी नाही. त्याचा हक्क ईएसआयचा. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू आहे. पण ठेकेदाराने नोंदणीच केली नाही, वा ठेका बदलताच वर्गणी थांबली, की कार्ड निरुपयोगी. क्षयरोगाचे जंतू कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाहीत. एकाच खोलीत काम करणाऱ्या दोघांपैकी एकावरच उपचार झाला तर दुसराही सुरक्षित राहत नाही.

न्यायालयाने काय सांगितले

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्थानकावर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्यास जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, खाट नाही, सोय नाही म्हणून त्यास परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे मोजून त्याचा जीव वाचला. त्याच्या बाजूने उभी राहिली ती त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई मिळाली.

दुसरा निकाल २०१८ चा. शिवकांत झा या सेवानिवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याने सीजीएचएसच्या यादीत नसलेल्या रुग्णालयात तातडीने उपचार घेतले म्हणून त्यांच्या बिलाला कात्री लावण्यात आली होती. न्यायालयाने सांगितले की उपचार खरोखर झाले काय आणि त्यांची गरज होती काय हे पाहा. रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्याच कारणाने हक्क नाकारता येणार नाही. दोन्ही निकाल शाखेच्या फायलीत असावेत. पण प्रत्येक सभासदाने दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. निकालाचा लाभ खिडकीवर मिळाला पाहिजे.

विमा हे उत्तर आहे काय?

दवाखाने नीट चालत नाहीत ना, मग ते हळूहळू आवरते घेऊ आणि सर्वांना विमा देऊ, असा विचार गेली काही वर्षे मांडला जात आहे. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात विमा योजनेचा पुरस्कार केला. त्याच अहवालात टपाल खात्याचे ३३ दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करण्याचीही शिफारस होती. आम्ही या विचाराकडे डोळे उघडे ठेवून पाहतो. विमा हा मुख्यतः खाटेवर पडलेल्याचा असतो. रोजच्या गोळीचा, नियमित तपासणीचा, बाळाच्या तापाचा तो नसतो. आयुष्मान भारत योजनेतही, जिच्यात दिल्ली एप्रिल २०२५ मध्ये सामील झाली, भर रुग्णालयातील उपचारांवरच आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर न मिळालेल्या माणसास पक्षाघात झाल्यावर कार्ड देणे, हा आरोग्याचा विचार नव्हे, आजार होण्याची वाट पाहणे होय.

दिल्ली सरकारने जुलै २०१५ मध्ये पीरागढी येथे पहिले मोहल्ला क्लिनिक उघडले. पुढे त्यांची संख्या वाढली आणि २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर त्यांचे रूपांतर आयुष्मान आरोग्य मंदिरात करण्याचे काम सुरू झाले. पाटी कोणाची, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. पाटीखाली डॉक्टर आहे का, औषध आहे का, आणि कामावरून सुटल्यावर दार उघडे सापडते का, एवढेच आम्ही विचारतो.

महाराष्ट्राचा धडा

याचे उत्तर आपल्याच मुलखात काही प्रमाणात सापडते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे येथे, आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले. सेवा चांगली तर हिरवा रंग, मध्यम तर पिवळा, वाईट तर लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखविले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही रंग भरले. 'सेवा वाईट आहे' अशी मोघम तक्रार राहिली नाही. अमुक तारखेस, अमुक केंद्रात, अमुक औषध नव्हते, असा पुरावा झाला. मोघम तक्रारीला आश्वासन मिळते. पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

जे नंदुरबारच्या पाड्यावर होऊ शकले ते दिल्लीच्या रेल्वे कॉलनीत व पोस्टल क्वार्टर्समध्ये का होऊ नये? प्रत्येक शाखेने एक वही घालावी. दवाखान्यात जाऊन आलेल्या सभासदास पाच प्रश्न विचारावेत : किती वेळ थांबावे लागले? डॉक्टरांनी तपासले काय? आजार व औषध समजावून सांगितले काय? सर्व औषधे त्याच दिवशी मिळाली काय? या कामासाठी किती रजा व किती पैसे गेले? रोग्याचे नाव व आजार वहीत लिहू नये. तो ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. तीन महिन्यांनी बेरीज करावी आणि तो कागद घेऊन पीएनएममध्ये, जेसीएममध्ये, सीजीएचएस केंद्राच्या स्थानिक सल्लागार समितीत बसावे. जेथे सेवा चांगली मिळाली तेथे तेही लिहावे. चांगल्या डॉक्टरचे नाव सभेत घेतले जावे. नुसती कुरकुर करणाऱ्या संघटनेपेक्षा खरे मोजणाऱ्या संघटनेचे वजन जास्त असते.

या पायावर आमच्या मागण्या अशा :

१. मोठ्या केंद्रांत व हेल्थ युनिटमध्ये आठवड्यातून काही दिवस तरी संध्याकाळची तपासणी असावी. रोस्टरवर काम करणाऱ्यांची सोय त्यात पाहावी.

२. दीर्घ आजाराचे औषध एकाच खेपेत मिळावे. साठ्यात नसेल तर ते केव्हा मिळेल हे लेखी द्यावे.

३. डॉक्टर, फार्मासिस्ट व परिचारिकांची रिक्त पदे भरावीत.

४. ग्रामीण डाक सेवकांना खात्याच्या वैद्यकीय सेवेत घ्यावे. कंत्राटी कामगाराची ईएसआय वर्गणी भरल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल देऊ नये.

५. तातडीच्या उपचारांची बिले ठराविक मुदतीत निकालात काढावीत व नकाराचे कारण लेखी कळवावे.

६. निवृत्तांच्या वैद्यकीय भत्त्याची रक्कम औषधांच्या किमतींशी जोडावी.

यातील एकही मागणी आकाशातील नाही. काहींना पैसा लागेल. काहींना फक्त वेळापत्रक बदलण्याची इच्छा लागेल. पण त्या मिळवायच्या तर आधी आपली वही भरलेली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, गाडी किती मिनिटे उशिरा आली याची नोंद आपण ठेवतो. रजिस्टर टपाल कोणाच्या हाती दिले याची सही आपण घेतो. एका मिनिटाचा आणि एका सहीचा हिशेब देण्याची सवय असलेली ही माणसे स्वतःच्या आजारपणाचा हिशेब मात्र ठेवीत नाहीत. पुढील शाखा सभेत दवाखान्याचा विषय आयत्या वेळी नको, पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि त्याच दिवशी वही उघडा.